बंदर, वारा आणि आपली मुले
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या जिल्ह्याला समुद्र नाही, त्या हिंगोली जिल्ह्यात आम्ही बंदरावर बोलायला उभे आहोत, याचे आपणास नवल वाटेल. आमचे शिक्षण कला शाखेचे, नोकरी बँकेच्या खिडकीमागची. कयाधूचा पूर आणि सिद्धेश्वरचे धरण याहून मोठे पाणी आम्ही फारसे पाहिलेले नाही. तरीही हा विषय निवडला, त्याला कारण आहे.

२०२१ सालचा मे महिना. टाळेबंदीमुळे बँकेचे व्यवहार मोजके तास चालत. एक वयस्क बाई पासबुक घेऊन आल्या. मुलगा मुंबईकडे, समुद्रातल्या तेलाच्या कामावर वेल्डर. आम्ही म्हणालो, "मावशी, पगार अजून जमा झाला नाही." त्या म्हणाल्या, "साहेब, पैशाचं नाही इचारत. चार दिस झाले, फोन लागंना. तुमच्या मशिनीत पोरगं कुठं हाय ते दिसतं का?" आमच्या मशीनमध्ये ते दिसत नव्हते.

त्याच आठवड्यात, १७ मे रोजी, तौक्ते चक्रीवादळात पी-३०५ ही कामगारांच्या निवासाची बार्ज मुंबईजवळच्या समुद्रात बुडाली होती. तिच्यावर २६१ जण होते. नौदलाने १८६ जणांना वाचविले. हवामान खात्याने वादळाची सूचना आधीच दिली होती, तरी बार्ज समुद्रातच राहिली. त्या मावशींचा मुलगा दुसऱ्या बोटीवर होता, तो सुखरूप परतला. पण समुद्रात जाणारा माणूस आपल्याच गल्लीतला असतो, हे आम्हास त्या दिवशी कळले.

बंधू-भगिनींनो, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर दूर बॉम्बे हाय येथे १९७४ साली तेल सापडले आणि १९७६ पासून उत्पादन सुरू झाले. तिथल्या विहिरींना पाइप, सिमेंट, डिझेल, पिण्याचे पाणी, भाजीपाला हे सारे बोटींनी जाते. त्यासाठी रायगड जिल्ह्यात न्हावा येथे स्वतंत्र तळ आहे. विहीर समुद्रात असली तरी तिचा जीव किनाऱ्यावरच्या धक्क्यावर असतो.

आता तेलापाठोपाठ वाऱ्याचे काम येऊ घातले आहे. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आपणांपैकी काहींनी पाहिल्या असतील. समुद्रावर वारा अधिक जोराचा व स्थिर असतो, म्हणून १९९१ साली डेन्मार्कने ११ पवनचक्क्या समुद्रात उभ्या केल्या. आज एकेका पात्याची लांबी १०० मीटरच्या पुढे गेली आहे. आपल्या केंद्र सरकारने १९ जून २०२४ रोजी ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. गुजरात व तामिळनाडूच्या किनाऱ्यापलीकडे प्रत्येकी ५०० मेगावॅट असा तिचा बेत आहे. त्यातले ६०० कोटी रुपये केवळ दोन बंदरे या कामायोग्य करण्यासाठी राखले आहेत. म्हणजे वाऱ्याच्या आधी बंदराची तयारी लागते, हे सरकारनेही ओळखले आहे.

ही तयारी म्हणजे काय, ते आम्ही आमच्या खिडकीवरून सांगतो. मोठा व्यापारी रोकड भरायला आला की पेन्शनवाल्या आजोबांचा नंबर मागे पडतो. म्हणून शहाणा शाखाधिकारी पेन्शनच्या दिवशी वेगळी खिडकी उघडतो. बंदरातही तसेच आहे. कंटेनरच्या अवाढव्य जहाजापुढे वीस-बावीस कारागीर नेणारी छोटी बोट ताटकळत राहते. तिचे भाडे मात्र दिवसाच्या हिशेबाने चालूच असते. साधारण दीड मीटरपेक्षा उंच लाटा असतील तर अशा बोटीतून पवनचक्कीवर चढता येत नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्याचे चार महिने समुद्र खवळलेला. कामाचे दिवस आधीच थोडे, त्यातली शांत सकाळ धक्क्यावर रांगेत गेली तर तो दिवस बुडाला.

म्हणून पहिली गरज, सेवा-बोटींसाठी राखीव धक्का. दुसरी, तरता धक्का. मुंबईला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार मीटरहून अधिक फरक पडतो. स्थिर धक्क्यावरून ओहोटीच्या वेळी बोटीत उतरणे म्हणजे आटलेल्या विहिरीत उतरणे. तरता धक्का पाण्याबरोबर वरखाली होतो आणि माणूस हातात हत्यारांची पिशवी घेऊन सरळ चालत जातो. तिसरी, डिझेल, पाणी, सुटे भाग आणि कागदपत्रे यांची सोय एकाच फेरीत, एकाच ठिकाणी. चौथी, धक्क्यावरच विजेची जोडणी, म्हणजे उभ्या बोटीला इंजिनाचा धूर ओकत बसावे लागणार नाही.

पाचवी गरज आमच्या मते सर्वांत मोठी. हवामानाची सूचना येताच प्रत्येक बोटीला परत बोलावण्याचा नियम हवा, परतलेल्या सर्व बोटींना आसऱ्याची जागा हवी, आणि कोणत्या बोटीवर कोण आहे याची यादी किनाऱ्यावर हवी. ती यादी घरच्यांना एका फोनवर कळली पाहिजे. यासाठी कोट्यवधी लागत नाहीत. आमच्याकडे दिवसअखेर एक रुपयाचा फरक निघाला तरी आम्ही घरी जात नाही. माणसांचा हिशेब त्याहून ढिला का असावा?

डेन्मार्कचे एस्बिअर्ग बंदर पूर्वी मासेमारीचे, मग तेलाच्या कामाला माल पुरविणारे झाले. २००२ साली जवळच्या समुद्रात ८० पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तेव्हा त्याच अनुभवावर त्याने नवे काम पेलले. न्हाव्याला तेलाचा अनुभव आहेच. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदरालाही त्याच १९ जूनला मंजुरी मिळाली. तेथील मच्छीमारांचा विरोध मोठा आहे. ज्यांची जाळी त्या पाण्यात पडतात, त्यांना बाजूला सारून झालेली सुधारणा आम्ही सुधारणा मानीत नाही.

शेवटी आपल्या मुलांविषयी. पवनचक्कीच्या कामाला आयटीआयचे इलेक्ट्रिशियन व फिटर लागतील. पण समुद्रावर जाण्यापूर्वी पाण्यात जीव वाचविणे, उंचीवर काम, आग विझविणे, प्रथमोपचार आणि ओझे उचलण्याची रीत यांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. आपली मुले त्यावाचून गेली तर ठेकेदाराच्या हाताखाली बिगारीच करतील. संस्थेने यंदा निदान पाच मुलांची निवड करून त्यांच्या प्रशिक्षणाच्या खर्चाची जुळवाजुळव करावी, अशी आमची सूचना आहे. बँकेचे अर्ज भरून देण्याचे काम आम्ही आनंदाने करू.

पुन्हा एखाद्या मावशीने पोरगं कुठं आहे असे विचारले, तर तिला उत्तर मिळाले पाहिजे. एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.

जय भीम!