समुद्राला दिलेल्या शब्दाचा हिशेब



मला आज एकाच गोष्टीवर बोलायचे आहे. हवामान आणि समुद्र यांबाबत आपल्या सरकारने जगाला शब्द दिले आहेत. त्यांतले काही पाळले जातात, काही वाऱ्यावर जातात. असे का होते, हे आपण नीट पाहिले पाहिजे.

पाळलेल्या शब्दापासून सुरुवात करतो. 2070 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठू, असे भारताने 2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत सांगितले. पुढच्याच वर्षी आणखी एक वचन नोंदवले. 2030 पर्यंत वीजनिर्मितीची निम्मी स्थापित क्षमता कोळसा, तेल आणि वायू वगळून इतर स्रोतांची असेल. ही मजल 2025 च्या मध्यावरच गाठली गेली. प्रत्यक्षात तयार होणारी वीज अजूनही मुख्यतः कोळशाचीच आहे, हे खरे. तरीही हे काम मोठे आहे आणि त्याचे कौतुक मी मोकळ्या मनाने करतो. ते झाले, कारण त्यामागे जबाबदार मंत्रालय होते, प्रत्येक राज्याच्या वीज कंपन्यांवर खरेदीचे बंधन होते आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरण दर महिन्याला आकडे जाहीर करत होते. कोण मागे पडले ते लपत नव्हते.

समुद्राच्या वाट्याला यातले काय आले? डिसेंबर 2022 मध्ये माँट्रियलच्या जैवविविधता परिषदेत ठरले की 2030 पर्यंत पृथ्वीवरची 30 टक्के जमीन आणि 30 टक्के समुद्र राखायचा. भारताने ते मान्य केले. सप्टेंबर 2024 मध्ये खुल्या समुद्राच्या करारावरही सही केली. सही झाली याचा मला आनंद आहे. पण तो करार कोणत्याच देशाच्या ताब्यात नसलेल्या पाण्याचा आहे. किनाऱ्यावरून रापण ओढणारा आपला रापणकर आणि डोल जाळी लावणारा डोलकर पहिल्या 12 सागरी मैलांत जगतो. ते पाणी राज्याकडे आहे आणि तिथे महाराष्ट्राचा 1981 चा सागरी मासेमारी कायदा लागू होतो. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली. तरी रात्री समुद्रात दिवे दिसतात, हे या सभागृहातल्या कोणाला ठाऊक नाही?

12 मैलांपलीकडेही घोळ आहेच. विजयदुर्गच्या पश्चिमेला, शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक नावाचे बुडालेले पठार आहे. त्यावर जिवंत प्रवाळ आहे. ते भारताच्या आर्थिक क्षेत्रात येते, पण राज्याच्या हद्दीबाहेर. अभयारण्याचा कायदा तिथवर पोचत नाही आणि संरक्षणाची चर्चा वर्षानुवर्षे चालूच आहे. 30 टक्क्यांचा आकडा घेऊन आपण आंग्रियापाशी गेलो तर उत्तर देणारा एक अधिकारी सापडत नाही. माझे दुखणे हे आहे.

कांदळवनाची गोष्ट तर आणखी जवळची. नोव्हेंबर 2022 मध्ये शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत भारत कांदळवने वाचवणाऱ्या देशांच्या आघाडीत सामील झाला. महिनाभरात, डिसेंबरमध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने बुलेट ट्रेनसाठी सुमारे 22 हजार तिवरांची तोड मंजूर केली. कांदळवन तोडणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असे याच न्यायालयाने 2018 मध्ये म्हटले होते. फक्त सार्वजनिक हितासाठी वाट ठेवली होती, आणि त्याच वाटेने परवानगी गेली. बदल्यात कितीतरी पट झाडे लावू, असे आश्वासन मिळाले. लावतील कुठे? पुष्कळदा उघड्या चिखलपट्ट्यावर. तिथे बायका ओहोटीला तिसऱ्या काढतात, तिथेच पक्षी उतरतात. तो पट्टा मोकळा असणे हेच त्याचे मोल. एक खाजण मोडून दुसरीकडे चिखल बुजवला, तर कागदावर झाडे वाढतील आणि खाडीची कमाई घटेल. लावलेल्या रोपांपैकी पाच वर्षांनी किती जगली, हे खाडीच्या माणसांना कळेल अशा रीतीने जाहीर झाले पाहिजे.

शब्द राहिले बाजूला, इकडे अरबी समुद्र तापतो आहे. 2019 मध्ये क्यार आणि महा ही वादळे लागोपाठ आली आणि ऐन हंगामात होड्या बंदरात बांधून ठेवाव्या लागल्या. केरळात 2012 मध्ये जवळपास 4 लाख टन तारली मिळाली होती. 2021 मध्ये साडेतीन हजार टनही मिळाली नाही. पाण्याचे बदलते तापमान हे एक कारण, आणि पिल्लांची बेसुमार मासेमारी हे दुसरे. तापमान आपल्या एकट्याच्या हातात नाही. पिल्ले आहेत. केरळने 2015 मध्येच माशांची किमान लांबी ठरवून कमी लांबीची मासळी पकडायला बंदी केली. महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींसाठी हा नियम केला, त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा ठरवले. पापलेटचा मान तेव्हाच खरा, जेव्हा लिलावात त्याची पिल्ले उतरणार नाहीत.

मासेमारांना विश्वासात न घेता हे होणार नाही. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झाले, अवघे 29 चौरस किलोमीटर. तरीही गावांचा विरोध वर्षानुवर्षे टिकला. ज्यांच्या जाळ्यांवर रेषा पडणार, त्यांचे मत आधी घ्यायला हवे होते. 30 टक्क्यांसाठी उद्या नवे नकाशे निघतील. त्यात रापणीच्या जागा, ओढायचे किनारे, पावसाळ्यात होड्या लावायच्या जागा आधी भरल्या पाहिजेत, आणि त्या भरायला रापणकरच बसला पाहिजे.

म्हणून उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी स्वतः एक ठराव मांडणार आहे. पावसाळी मासेमारीबंदी उठण्याआधी दर वर्षी किनारी जिल्ह्यांनी हिशेब जाहीर करावा: एलईडीवाल्यांवर किती कारवाया झाल्या, किती कांदळवन तुटले आणि किती जगले, उतरलेल्या मासळीत कमी लांबीची किती. खाली एका अधिकाऱ्याचे नाव आणि सही असावी. मासळीची मोजणी करायला आपल्या महाविद्यालयांतली मुले आहेत, मोजपट्टी घेऊन ती पहाटे बंदरावर उभी राहतील. प्राध्यापक मित्रांनी आपापल्या बंदराचे आकडे आज रात्री काढून ठेवावेत. मच्छीमार सोसायट्यांच्या मंडळींनी आपले लिलावाचे वहीखाते सोबत आणावे. सकाळी चर्चा तिथूनच सुरू करू.