ओझ्याविना डोंगरात

(संग्रामपूर इथं झालेल्या कार्यकर्त्यांच्या मेळाव्यातलं भाषण)



आपण तीन दिवसांची जंगल पदयात्रा काढली, तिच्याबद्दल मला बोलायला सांगितलंय. मी पहिल्या दिवसाबद्दलच बोलणार आहे. कारण आपली चूक त्या दिवशी झाली, आणि ती इथं मांडल्याशिवाय पुढची यात्रा ठरवणं मला बरोबर वाटत नाही.

आपण एकोणीस जणी होतो. निम्म्या खालच्या खारपाणपट्ट्यातल्या, निम्म्या पायथ्याच्या, कोरकू आणि भिलाला. फेब्रुवारी निवडला, कारण कपाशीची वेचणी आटपलेली असते आणि मोह गळायला अजून महिना असतो. तरी घरून परवानगी मिळवायला महिना गेला. शेगावला पायी जायचं म्हटलं की सासू स्वतः भाकरी बांधून देते. जंगलात जायचं म्हटल्यावर प्रत्येक घरात एकच प्रश्न आला: "कशाले?" सरपण नाही, डिंक नाही, नवस नाही, मग कशाला? खरं सांगते, मलाही सरळ उत्तर देता आलं नाही. प्रशिक्षण आहे असं सांगून मी वेळ मारून नेली.

अंबाबरवा अभयारण्य १९९७ साली जाहीर झालं. आज ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पात मोडतं. आत पायी भटकता येत नाही, म्हणून हद्दीबाहेरच्या जंगलातून परवानगीची वाट घेतली आणि रात्रीचा मुक्काम पायथ्याच्या गावात ठेवला. सोबत वाटाड्या हवाच होता. गावातला बावीस वर्षांचा मुलगा मिळाला. नम्र, शिकलेला, पक्ष्यांची इंग्रजी नावं तोंडपाठ. त्याचा दिवसाचा मेहनताना ठरला. त्याची काकूही आपल्यात होती, पण यात्रेकरू म्हणून. तिनं आपली शंभर रुपये वर्गणीही भरली होती.

निघताना त्यानं नियम सांगितले. रांगेत चालायचं, भडक रंग नको, आणि अजिबात बोलायचं नाही, जनावरं पळतात. आम्ही शाळेतल्या मुलींसारख्या गप्प चाललो. अर्ध्या तासानं काकू थांबलीच. म्हणाली, "मायबाई, येवढं गप चाललं त आस्वल आंगावर येते ना! बोलत चाला." मोहाच्या दिवसांत बाया पहाटे अंधारात फुलं वेचायला जातात आणि त्याच झाडाखाली अस्वलही येतं. म्हणून दोघी-तिघींनी जायचं, मोठ्यानं बोलत जायचं, म्हणजे ते आधीच बाजूला होतं. मुलाचा नियम जनावर दिसावं म्हणून होता, काकूचा ते दिसू नये म्हणून. मुलगा खोटं सांगत नव्हता. त्याला ते पाहुण्यांसाठी शिकवलं होतं. त्याच जंगलात पोटासाठी रोज जाणारीची अक्कल कुणी कुठल्या पुस्तकात घातलेली नाही, एवढंच.

मग आम्ही बोलत चाललो, आणि खरी यात्रा तिथून सुरू झाली. सालई कोणती, धावडा कोणता, कुणाचा डिंक काय भावानं जातो, व्यापारी मापात कसा मारतो. खालच्या पट्ट्यातल्या बायांनी पहिल्याच झऱ्यावर बसकण मारली आणि पाणी चाखलं. त्यांच्या गावात विहिरीचं पाणी खारट, घरोघरी किडनीच्या आजाराची धास्ती, आणि वान धरणावरून १४० गावांची योजना असूनही नळाची वाट बघणं संपत नाही. एक जण नुसती चूळ भरून थुंकेना, गिळत राहिली. दुपारपर्यंत आणखी एक गंमत झाली. पायथ्याच्या एकीच्या डोक्यावर काटक्यांचा भारा तयार! सवयीनं वेचत आली होती, तिचं तिलाच कळलं नव्हतं. मुलानं तो ठेवायला लावला. ती म्हणाली, "रिकाम्या डोक्यानं चालले का मान डुलते माही." आम्ही हसलो. ती नाही हसली.

पुढे नाल्याला दोन फाटे फुटले. मुलगा घुटमळला. इकडं बघतो, तिकडं बघतो. शेवटी हळूच म्हणाला, "काकू, कोन्या बाजूनं?" तिनं हात केला, आम्ही गेलो. तिथून मुक्कामापर्यंत वाट तिनंच काढली.

संध्याकाळी मी वही काढली आणि मुलाच्या हातात त्या दिवसाचे पैसे ठेवले. सही घेतली. काकू चुलीपाशी बसली होती, सगळ्यांच्या भाकरी थापत. कुणी सांगितलं नव्हतं, तरी. मी वही मिटली आणि मगच लक्षात आलं. समान कामाला समान दाम हे मी किती सभांत बोलले असेन! वनहक्क कायद्यावर शिबिरं घेतली. २००६ च्या त्या कायद्यात विवाहितांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असतो, हे गावोगाव सांगितलं. काकूच्या पट्ट्यावर तिचं नाव आहे. कागद मात्र दिराच्या पेटीत आहे. आणि माझ्या वहीत ती यात्रेकरू होती, वर्गणी भरलेली.

रात्री भीतीवर बोलणं निघालं. मी २०२१ सालच्या दोघींबद्दल सांगितलं. ताडोबात वनरक्षक स्वाती ढुमणे व्याघ्रगणनेच्या कामावर पायी असताना वाघिणीच्या हल्ल्यात गेली. आणि इथून फार दूर नाही त्या हरिसालला वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण हिनं आत्महत्या केली. तिच्या चिठ्ठीत वरिष्ठाकडून होणाऱ्या छळाचा आरोप होता. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक जण म्हणाली, "वाघाले कायदा नाई कळत." दुसरी म्हणाली, "सायबाले कळते." त्यानंतर ज्या गोष्टी निघाल्या त्या इथं माईकवर सांगायच्या नाहीत. ज्यांच्या आहेत त्यांच्याच राहू देत.

तेव्हाच मी काकूजवळ मेहनतान्याचं काढलं. म्हणाली, "पैसे पोरालेच राहू द्या, त्याले लगन करायचं हाये. पन वहीत माहं नाव लिवा." मी म्हटलं, नाव लिहिते, पैसेही देते, आणि पोराचे कापत नाही. निधीतून हे जास्तीचे पैसे गेले, त्याचा हिशेब कोषाध्यक्षबाईंनी मला विचारला आहे आणि तो त्यांचा हक्कच आहे. तो खर्च मंजूर करायचा की माझ्याकडून वसूल करायचा, हे आज आपण ठरवायचं आहे. माझं मत मी सांगून टाकते: वसूल करू नका.

दुसऱ्या दिवशी काकू पुढे चालली, मुलगा मागे, कुणी राहिलं तर नाही बघत. त्याला वाईट वाटलं नाही. निदान तसं तो म्हणाला.

पुढच्या यात्रेला पायथ्याच्या तीन बायांची नावं वाटाड्या म्हणून द्यायची आहेत. लिहिता-वाचता येतं का हे विचारू नका, अर्ज आपण भरू. चहाच्या सुट्टीत नावं माझ्याकडे आणून द्या.