महामारीतील ऑनलाईन वर्ग आणि शिक्षण शुल्काचा हिशेब

(पालक शेतकऱ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कृषिविद्या शिकवतो. माझा नेहमीचा विषय पेरणीचे अंतर, खताच्या मात्रा, तण नियंत्रण हा आहे. आज मात्र बियाण्याच्या पिशवीऐवजी महाविद्यालयाच्या शुल्काची पावती हाती घेऊन बोलणार आहे. कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरात मुलाच्या किंवा मुलीच्या शिक्षणावर होणारा खर्च आता एका एकराच्या लागवड खर्चापेक्षा जास्त झाला आहे, आणि लागवडीचा खर्च आपण जितक्या बारकाईने पाहतो तितक्या बारकाईने हा खर्च पाहत नाही.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे महाविद्यालये बंद झाली. मुले वसतिगृहातून घरी आली, वर्ग मोबाईलवर सुरू झाले. मध्ये काही काळ महाविद्यालये उघडली, पुन्हा बंद झाली. २०२२ साल उजाडेपर्यंत हे असेच चालले. याच काळात शेतमालाचे काय झाले ते आपण विसरलेलो नाही. मार्च-एप्रिलमध्ये द्राक्षे बागेतच राहिली, फुले बांधावर टाकावी लागली, दुधाची मागणी घटली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि दापोली-मंडणगड भागातील नारळ, सुपारी, आंब्याच्या बागा आडव्या केल्या. खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी आल्या आणि ऑक्टोबरच्या पावसाने उभे पीक भिजले. अशा वेळी शुल्क भरण्याची सूचना आली, तेव्हा घरोघरी एकच प्रश्न विचारला गेला : वर्गच नाही, तर शुल्क कशाचे?

हा प्रश्न रास्त होता. पण त्याचे उत्तर एका शब्दात नाही. ते बाबवार द्यावे लागते.

स्थिर खर्च आणि बदलता खर्च

शेतीच्या हिशेबात आपण दोन प्रकारचे खर्च धरतो. सालगड्याचे साल, बैलांची वैरण, विहिरीच्या कर्जाचा हप्ता हे खर्च पाऊस आला नाही तरी चुकत नाहीत. हा स्थिर खर्च. बियाणे, खत, डिझेल, फवारणी, काढणीची मजुरी हे खर्च पीक घेतले तरच होतात. हा बदलता खर्च.

महाविद्यालयाचेही असेच आहे. शिक्षकांचे व कर्मचाऱ्यांचे वेतन, इमारतीची देखभाल, प्रक्षेत्रावरील पिके व जनावरे यांचा खर्च वर्ग बंद असतानाही चालू राहतो. शिक्षक त्या काळात मोबाईलवरून शिकवतच होते. मात्र वसतिगृहाची वीज व पाणी, खानावळ, जिमखाना, स्नेहसंमेलन, प्रयोगशाळेतील रसायने, सहलीची बस हे खर्च मुले नसताना होत नाहीत किंवा फार कमी होतात.

यातून नियम असा निघतो : जे चालू राहिले त्याचे द्यावे, जे बंद होते त्याचे मागू नये.

येथे एक फरक लक्षात घ्या. शासकीय आणि अनुदानित संस्थांत वेतनाचा मुख्य भार शासन उचलते. विनाअनुदानित महाविद्यालयात तो शुल्कातूनच भागतो. त्यामुळे सर्वच शुल्क माफ करा, ही मागणी विनाअनुदानित संस्थेत शिक्षकाच्या पगारावर जाऊन पडते. त्या काळात अनेक ठिकाणी तसे झालेही. आपला रोष योग्य बाबीवर असला तरच त्याचा उपयोग होतो.

एक उदाहरण

हिशेबासाठी समजा, एका खासगी महाविद्यालयाने वर्षाचे ८०,००० रुपये मागितले. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.

शिकवणी शुल्क ४५,०००
वसतिगृह १५,०००
प्रयोगशाळा व प्रक्षेत्र ८,०००
अनामत रक्कम ५,०००
परीक्षा ३,०००
ग्रंथालय २,०००
जिमखाना व स्नेहसंमेलन २,०००

वर्षभर मुले घरी असतील तर वसतिगृहाचे १५,००० आणि जिमखान्याचे २,००० रुपये मागण्याचे कारण उरत नाही. ग्रंथालयाची मासिके व पुस्तके चालू असतात, म्हणून तेथे निम्मे, म्हणजे १,००० रुपये कमी व्हावेत. प्रयोगशाळा व प्रक्षेत्राच्या ८,००० पैकी निम्मा भाग जागेवरील पिके व उपकरणे जपण्यात जातो असे धरले, तरी ४,००० रुपये वाचतात. एकूण २२,००० रुपये झाले. अनामत रक्कम हा खर्चच नव्हे, ती शिक्षण संपल्यावर परत घ्यायची असते. अनेक पालक ती मागायचेच विसरतात.

आता घरची बाजू पाहा. मुलासाठी १०,००० रुपयांचा मोबाईल घेतला आणि महिन्याला २५० रुपयांचा रिचार्ज दहा महिने केला, तर १२,५०० रुपये झाले. म्हणजे वर्गखोलीचा काही खर्च महाविद्यालयाकडून उचलून शेतकऱ्याच्या घरावर आला. हा खर्च कोणत्याही पावतीवर दिसत नाही. डोंगरावर छपरी बांधून, रेंज मिळेल तेथे बसून मुलींनी अभ्यास केल्याच्या बातम्या कोकणातून आल्या. त्या कष्टाची तर नोंदच नाही.

तेव्हा काय निर्णय झाले?

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नव्हता. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाने २०२०-२१ साठी शिकवणी शुल्कात १० टक्के सूट दिली. इंग्लंडमध्ये वर्षाला ९,२५० पौंड शुल्काची मर्यादा मात्र तशीच राहिली आणि विद्यार्थ्यांनी घरभाडे व शुल्क यांविरुद्ध आंदोलने केली.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २७ मे २०२० रोजी विद्यापीठांना शुल्काबाबत सहानुभूतीने विचार करण्यास सांगितले. २०२०-२१ साठी ३० नोव्हेंबर २०२० पर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क परत, आणि ३१ डिसेंबरपर्यंत रद्द केल्यास जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकी परत, असा नियम त्याच आयोगाने केला.

सर्वोच्च न्यायालयाने ३ मे २०२१ रोजी राजस्थानातील खासगी शाळांच्या प्रकरणात निकाल दिला. शाळा बंद असल्याने काही खर्च वाचलाच आहे, म्हणून २०२०-२१ च्या शुल्कात १५ टक्के कपात करावी, असे न्यायालयाने ठरवले. महाराष्ट्र शासनाने १२ ऑगस्ट २०२१ रोजी २०२१-२२ साठी शाळांच्या शुल्कात १५ टक्के कपातीचा आदेश काढला. अकृषि विद्यापीठे व त्यांची महाविद्यालये यांच्यासाठीही न वापरलेल्या सुविधांच्या शुल्कात सवलती २०२१ मध्ये जाहीर झाल्या. या सर्वांमागील तत्त्व आपण वर पाहिले तेच आहे : न वापरलेल्या सुविधेचे शुल्क कमी व्हावे.

शैक्षणिक कर्जाबाबतही एक धडा घेण्यासारखा आहे. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली होती. हप्ता थांबला, पण व्याज थांबले नाही. पुढे ढकललेला हप्ता म्हणजे माफ झालेला हप्ता नव्हे.

जे पैशाने परत मिळत नाही

बंधू-भगिनींनो, आता मी माझ्या विषयाकडे येतो. कृषि पदवीच्या एखाद्या विषयापुढे २+१ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ आठवड्याला दोन तास व्याख्यान आणि एक प्रात्यक्षिक, तेही सामान्यपणे दोन तासांचे. म्हणजे चार तासांपैकी दोन तास विद्यार्थी प्रयोगशाळेत किंवा प्रक्षेत्रावर असायला हवा. मोबाईलवर व्याख्यान पोहोचते. प्रात्यक्षिक पोहोचत नाही.

काही गोष्टी घरच्या शेतावर करता आल्या. शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवणशक्ती तपासणे, एक चौरस मीटरची चौकट टाकून रोपे व तणे मोजणे, कीडग्रस्त पानाचे छायाचित्र पाठवणे ही कामे विद्यार्थ्यांनी आवडीने केली. ग्रामीण कृषि कार्यानुभवासाठी कृषिदूत आणि कृषिकन्या स्वतःच्याच गावात काम करू लागले, हाही चांगला अनुभव होता. पण पेरणी यंत्रातून एकरी किती बियाणे पडते ते यंत्र फिरवून ठरवणे, मातीचा सामू यंत्रावर मोजणे, कलम बांधणे, फवारणीचे द्रावण हाताने तयार करणे हे पडद्यावर पाहून येत नाही. कलम बांधताना चार-दोन काड्या वाया गेल्याशिवाय हात बसत नाही.

म्हणून माझे सांगणे असे की, शुल्कातील सवलत जरूर मागा, पण बुडालेली प्रात्यक्षिके त्याहून आग्रहाने मागा. पहिली पेरणी साधली नाही तर आपण दुबार पेरणी करतो, शेत पडीक ठेवत नाही. महाविद्यालय उघडल्यावर सुटीच्या दिवशी, जादा तास घेऊन प्रात्यक्षिके पूर्ण करून देणे ही संस्थेची जबाबदारी आहे. दोन-चार हजार रुपये परत मिळाले आणि कृषि पदवीधराला कलम बांधता आले नाही, तर तोटा आपलाच आहे. उद्या तोच आपल्या बांधावर सल्ला द्यायला येणार आहे.

पालकांनी काय करावे?

साथ पुन्हा येईल किंवा न येईल. पण पूर, वादळ, संप अशा कारणांनी वर्ग बंद पडून ऑनलाईन होण्याचे प्रसंग पुढेही येऊ शकतात. त्यासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. प्रवेशाच्या वेळी एकूण आकडा न पाहता बाबवार पावती घ्यावी. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नये.

२. विनाअनुदानित खासगी व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क २०१५ च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. ठरवून दिलेले शुल्क किती ते विचारावे आणि पावतीशी ताडून पाहावे.

३. सवलत किंवा हप्ते हवे असल्यास सहयोगी अधिष्ठाता किंवा प्राचार्य यांच्याकडे लेखी अर्ज करावा, त्याची पोच घ्यावी. चार-पाच पालकांनी मिळून अर्ज केल्यास अधिक बरे.

४. अर्जात कोणती सुविधा किती महिने बंद होती ते लिहावे. कोणती प्रात्यक्षिके राहिली त्यांची यादी मुलांकडून घेऊन जोडावी.

५. महाडीबीटी संकेतस्थळावरील योजना पाहाव्यात. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना शेतकऱ्यांच्या मुलांना उपयोगी आहेत. ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील पात्र मुलींना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्यास २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून ठेवावा.

६. पैसे नाहीत म्हणून मुलीचे शिक्षण आधी थांबवू नये. पैशाची अडचण एका हंगामाची असते. सुटलेले शिक्षण सहसा पुन्हा सुरू होत नाही.

खताची गोणी घेताना आपण तिच्यावरील नत्र, स्फुरद, पालाशचे प्रमाण वाचतो. तशीच शुल्काची पावतीही ओळीओळीने वाचा, आणि मुलांना दर आठवड्याला विचारा, की या आठवड्यात हाताने काय केले.