प्रसूतीनंतरचे बेचाळीस दिवस



सिद्धार्थाच्या जन्मानंतर सातव्या दिवशी महामायेचे निधन झाले आणि महाप्रजापती गौतमीने त्या बालकास आपल्या दुधावर वाढविले, ही कथा आपण जाणता. आई गेली, तरी बालकाच्या सेवेत खंड पडला नाही, हा तिचा बोध होय.

आज गरोदरपणाची नोंद होते, प्रसूतीही बहुधा दवाखान्यात होते. सेवा तुटते ती त्यानंतर. पहिल्या बाळंतपणास मुलगी माहेरी जाते. नोंद मात्र सासरी राहते. सासरच्या आशा कार्यकर्तीस घरी कोणी भेटत नाही, माहेरच्या आशेस खबर नसते. ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबाची दशा याहून कठीण. आणि जेथे आशा पोहोचते, तेथेही काही घरी तिला उंबऱ्यावरच थांबवितात. का, तर खोलीत विटाळ आहे! ज्या विटाळाच्या नावाने आपणांस गावकुसाबाहेर ठेवले, तो आपण १९५६ साली नागपुरास टाकून दिला. मग तो आपल्याच बाळंतिणीच्या खोलीत कसा उरला? पाचवीला सटवाई बालकाच्या कपाळी काही लिहीत नाही. त्याचे वजन आणि ताप आशेच्या वहीत लिहिला जातो, त्यावर त्याचे जगणे अवलंबून असते.

गावातील शिकविलेल्या स्त्रिया घरोघरी जाऊन नवजात बालकांचे मृत्यू कमी करू शकतात, हे गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या कार्याने १९९९ पूर्वीच सिद्ध झाले. दवाखान्यातील प्रसूतीनंतर ३, ७, १४, २१, २८ व ४२ या दिवशी आशेने घरी यावे, असा आज नियम आहे. प्रसूती घरी झाल्यास पहिल्या दिवशीही.

हे उपकार नव्हेत. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात स्त्री-कामगारांच्या प्रसूतिलाभ विधेयकास बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. मातेस विश्रांती मिळण्यात राष्ट्राचे हित आहे आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, असे त्यांचे प्रतिपादन होते.

म्हणून माहेरी जाताना माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर न्या व दोन्ही गावच्या आशांना कळवा. चीक फेकू नका. तासाभरात बाळास पाजा. बाळ दूध ओढीनासे झाले, अंग थंड पडले, श्वास जलद झाला, किंवा मातेस ताप वा अतिरक्तस्राव झाला, तर रात्र उजाडण्याची वाट पाहू नका. सरकारी दवाखान्यात आईचे बाळंतपण व बाळाचे एक वर्षापर्यंतचे उपचार विनामूल्य आहेत. आशा आली नाही, तर प्राथमिक आरोग्य केंद्रास लेखी विचारा.

माता व बालक यांच्या सेवेत खंड पडू न देणे हाही धम्मच आहे.

जय भीम!