देव वेळेवर का येत नाही?



माउली हो, दिंडीला शंभर वर्षं झाली. मंडळी म्हणाली, बुवा, चार शब्द बोला. आम्ही चौथी शिकलेले शेतकरी. वीणा गळ्यात घातली म्हणून कोणी शास्त्री होत नाही. पण गावात एक प्रश्न फिरतोय, तो आज सगळ्यांसमोर घेतो.

२०२० साली ज्येष्ठातल्या निर्जळा एकादशीचा उपास झाला आणि दुसऱ्याच दिवशी, ३ जूनला, निसर्ग वादळ आलं. केळशीत माड-पोफळी आडव्या झाल्या, कौलं-पत्रे उडाले. त्यात करोना. १ जुलैच्या आषाढीला पायी वारीसुद्धा नाही, पादुका एसटीने पंढरीला गेल्या. तेव्हा वाडीतल्या एका तरुणाने विचारलं, "बुवा, पारण्याच्या दिवशीच वादळ? देव असता तर एवढी वेळ तरी त्याने टाळली असती."

प्रश्न रागाचा होता, पण खोटा नव्हता. पोफळ लावली की सुपारी हाती यायला पाच-सात वर्षं जातात. ज्याची बाग गेली, त्याला 'देवाची लीला' म्हणून गप्प बसवणं आम्हांला पटत नाही.

आता मंगळवेढ्याकडे बघू. दामाजीपंत तिथले. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारं लोकांना खुली केली आणि देवाने विठू होऊन बिदरच्या बादशहाकडे धान्याचे पैसे भरले, ही कथा आम्ही सगळेच रंगवून सांगतो. पण त्याच मंगळवेढ्यात १३३८ साली गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून चोखोबा गेले. ज्यांना हयातभर देवळाबाहेर उभं केलं, त्यांच्यावरच भिंत पडली. तिला देवाने हात दिला नाही.

कोणी म्हणेल, देवाच्या मनातलं आपल्याला काय कळणार? खरं आहे. पण मग दामाजींच्या वेळी तरी कसं कळलं? आला तर पुरावा, नाही आला तर लीला. अशी वही दुकानदाराने ठेवली, तर आपण त्याचं दुकान सोडू.

पण त्या तरुणाची उडीही मोठीच आहे. मृग कोरडा गेला म्हणून पाऊस नावाची गोष्टच नाही, असं कोणी शेतकरी म्हणत नाही. आपल्या वेळेला आला नाही, एवढंच त्यातून निघतं. हा दाखला अर्धाच आहे, तेही सांगतो. पाऊस सगळ्यांनी अंगावर घेतलाय, देव तसा कोणी घेतलेला नाही. तेव्हा याला पुरावा म्हणू नका. वेळ चुकली म्हणून देव नाही असं ठरत नाही, तसंच वेळ जमली म्हणून आहे असंही ठरत नाही.

मात्र एक देव या प्रश्नाने खरोखर मोडतो. नवस घेऊन काम करणारा, एकादश्या मोजून बाग राखणारा. तो मोडला तर मोडू द्या. पंढरीचा देव तसला नव्हे. पुंडलिकाने आईबापाची सेवा सोडली नाही, वीट दिली नि थांब म्हटलं. अठ्ठावीस युगं तो उभा आहे, असं आपण मानतो. म्हणजे आपल्याकडे वाट देवाने पाहिली, कारण समोरच्या माणसाची सेवा अर्धी राहिली होती.

चोखोबा गेले तेव्हा नामदेव महाराज मंगळवेढ्याला गेले, त्यांच्या अस्थी आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी झाली. भिंत का पडली, याचं उत्तर त्यात नाही. पण भिंतीखालच्या माणसाला आपलं म्हणणारा कोणीतरी गेला, एवढं त्यात आहे. वारकऱ्याला तेवढं करता येतं.

म्हणून शंभराव्या वर्षी दिंडीतल्या कीर्तनकारांना आमची विनंती आहे. दामाजींची कथा सांगाल तेव्हा त्याच बैठकीत चोखोबांची भिंतही सांगा. ज्याचं काही गेलंय, त्याला 'कर्माचं फळ' म्हणू नका. आधी त्याच्या घरावरचं झाड उचला, मग टाळ घ्या. आणि तो रागाने माळ काढून ठेवतो म्हणाला, तरी पंगतीत त्याचं पान मांडायला विसरू नका.

रामकृष्ण हरी!