राजी : भावाला सोडवायला निघालेली बहीण

(सामुदायिक रेडिओवर बचत गटांच्या मैत्रिणींसाठी झालेले भाषण)

हप्ता, व्याज, कर्ज, बँकेचे पासबुक यांवर आपण दर वेळी बोलतो. आज विषय जरा वेगळा आहे. आज मी तुम्हाला एका मुलीची ओळख करून देणार आहे. ती ना कुठल्या गावात राहते, ना शहरात. ती राहते व्हिडिओ गेममध्ये. तिचे नाव राजी.

तुमच्यातल्या काही जणी आत्ताच म्हणाल्या असतील, "अगं बाई, पोरांच्या खेळावर कसले आलेय भाषण? मोबाईलने आधीच डोके उठवलेय!" मी नवी मुंबईत बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. कोपरखैरणे, तुर्भे, घणसोली या भागांतल्या गटांत माझे जाणे-येणे असते. कुणी साताऱ्याकडची, कुणी जालन्याची, कुणी बीडची. हिशेब संपला, वही मिटली की प्रत्येक बैठकीत हीच तक्रार निघते. "पोरगा जेवताना फोन सोडत नाही." "सुट्टीत गावाला नेले तर तिथेही रेंज शोधत फिरतो." म्हणूनच म्हटले, ज्या दुनियेत आपली पोरे तासन् तास बसतात, तिथे कोण कोण राहते ते आपणही एकदा बघून घेऊ.

त्या दुनियेतला एक जुना आणि हसरा माणूस म्हणजे मारिओ. लाल टोपी, जाड मिशा, गोल पोट. टीव्हीला जोडायचे आणि कॅसेट घालून खेळायचे ते व्हिडिओ गेम ज्यांच्या घरी किंवा शेजारी होते, त्यांना तो आठवत असेल. जपानमधल्या शिगेरू मियामोतो यांनी त्याला १९८१ साली जन्माला घातले. गंमत बघा, तेव्हाच्या पडद्यावर बारीक चित्र काढता यायचे नाही. तोंड दिसेना म्हणून मिशा काढल्या आणि केस दाखवता येईनात म्हणून टोपी घातली. अडचणीतून त्याचे रूप आले आणि तेच जगभर ओळखीचे झाले. हा मारिओ काही राजा नाही की पैलवान नाही. तो आहे नळाची कामे करणारा साधा प्लंबर. उडी मारणे ही त्याची कला. खड्ड्यात पडला की खेळ पुन्हा सुरू होतो, आणि हा गडी तितक्याच उत्साहाने पळायला लागतो. पोरांना तो आवडतो तो यासाठीच.

पण मारिओच्या त्या जुन्या खेळात एक गोष्ट होती. राजकन्येला राक्षस पळवून नेतो आणि मारिओ तिला सोडवायला जातो. म्हणजे मुलीने कोंडून बसायचे आणि कुणीतरी येईल म्हणून वाट बघायची. त्या काळच्या कितीतरी खेळांत मुलीच्या वाट्याला एवढेच काम होते.

आता आपल्या राजीकडे येऊ. हा खेळ बनला आपल्या पुण्यात. नॉडिंग हेड्स गेम्स नावाच्या छोट्या कंपनीने तो बनवला आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये तो बाहेर आला. पूर्ण नाव 'राजी : ॲन एन्शंट एपिक', म्हणजे एक प्राचीन महाकथा. आधी तो इंग्रजीत होता, पुढे सुधारलेल्या आवृत्तीत हिंदी आवाजही आले.

गोष्ट अशी आहे. राजी आणि गोलू ही दोघे बहीणभाऊ. आईबाप नाहीत. सर्कशीत खेळ करून ती पोट भरतात. राजी कसरती करते, धाकटा गोलू बाहुल्यांचा खेळ करतो. दिवस आहे राखीपौर्णिमेचा. हजार वर्षांपूर्वी देवांकडून हरलेले असुर त्याच दिवशी माणसांवर चाल करून येतात आणि मुलांना पळवून नेतात. त्यांत गोलूही जातो. असुरांचा राजा महाबलासुर. आणि त्याच्यासमोर उभी कोण, तर ही एवढीशी पोर.

राखीपौर्णिमेला आपण काय म्हणतो? भाऊ बहिणीचे रक्षण करील. इथे त्याच दिवशी भाऊ संकटात आहे आणि बहीण त्याला सोडवायला निघाली आहे. खरे सांगायचे तर आपल्याला यात नवल वाटायला नको. धाकट्या भावाला कडेवर घेऊन फिरलेल्या, त्याची फी भरली जावी म्हणून आपली शाळा सोडलेल्या कितीतरी बहिणी आपल्या गटांत आहेत. फक्त त्यांची गोष्ट कुणी पडद्यावर दाखवली नव्हती.

आता या राजीला येते काय काय? ती भिंतीवरून धावते. कड्याला लटकून वर चढते. खांबाला धरून गरकन फिरते आणि भोवतीच्या असुरांना उडवून लावते. भिंतीवर पाय देऊन मागे झेप घेते आणि त्याच वेगाने वार करते. असुर तिच्यापेक्षा कितीतरी मोठे असतात. अंगाच्या ताकदीने ती त्यांना हरवूच शकत नाही. ती हरवते ती चपळाईने. दुर्गा तिला त्रिशूळ देते, पुढे धनुष्यबाणही हाती येतो. विजेची, बर्फाची, आगीची शक्ती त्या हत्यारांत येते. पण वाटेत मिळालेली शक्ती जपून गोळा करायची आणि हत्यार वाढवायचे. आपल्या गटासारखेच, थोडे थोडे साठवायचे तेव्हा वेळेला उपयोगी पडते.

इथे मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट सांगते. त्रिशूळ देवीने दिला हे खरे. पण भिंतीवरून धावणे देवीने शिकवले नाही. खांबाला गिरकी घेणे हे कुठले वरदान नव्हे. ती राजीची रोजची पोटापाण्याची कला आहे. लोक टाळ्या वाजवून विसरून जात होते तीच कसरत लढाईत कामाला आली.

आपल्याकडे डोंबाऱ्याचा खेळ आपण सगळ्यांनी पाहिला आहे. दोरीवर हातात काठी घेऊन चालणारी ती लहान पोर. आपण दोन नाणी टाकतो आणि पुढे जातो. तिला नुसता तोल सांभाळता येतो असे आपल्याला वाटते. तो तोल यायला किती वर्षे गेली असतील, किती वेळा ती पडली असेल, हे आपण विचारत नाही. लहान पोरांना पोटासाठी असे खेळ करावे लागू नयेत, त्यांनी शाळेत जावे, हे तर आहेच. पण त्यांच्या अंगातली कला हलकी नाही. आपली भारतीय सर्कसही मराठी माणसानेच सुरू केली, विष्णुपंत छत्रे यांनी, १८८० साली. म्हणजे राजीचे बळ आपल्याला परके नाही.

आता तिचा स्वभाव. मारिओ हसतो, आरोळ्या ठोकतो. राजीचा आनंदीपणा तिच्या अंगात आहे. संकट एवढे मोठे, तरी तिची चाल जड होत नाही. ती उड्या मारत, गिरक्या घेत पुढे जाते. ती चौकसही आहे. मोठमोठे महाल, देवळे, भिंतींवरची देवादिकांची चित्रे तिच्या वाटेत येतात. राजस्थानातले किल्ले आणि वाडे डोळ्यांसमोर ठेवून ते सगळे रेखाटले आहे. चित्र दिसले की ती थांबते, बघते, त्यावर बोलते. अधूनमधून रांगोळीसारखी गोल चित्रे येतात. त्यांची चक्रे फिरवून चित्र जुळवायचे. चित्र जुळले की राजी आणि गोलूची जुनी आठवण उलगडते. आणि ही सगळी कथा आपल्याला सांगतात कोण? दुर्गा आणि विष्णू, एकमेकांशी बोलत बोलत. मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांसारखे दाखवले आहेत. आपल्या सिंधुदुर्गात, पिंगुळीला, ठाकर समाजाने चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ जपला आहे. तो पाहिलेल्यांना हा प्रकार लगेच ओळखू येईल.

राजीला सूड नको आहे आणि राज्यही नको आहे. तिला भाऊ हवा आहे. म्हणून ती पडली तरी पुन्हा उठते.

हा खेळ बनवणाऱ्यांचीही गोष्ट ऐका, कारण ती आपल्या गटाच्या कामाची आहे. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयान मॉड या तिघांनी कंपनी उभी केली. म्हणजे राजीला घडवणाऱ्यांत एक बाईही आहे. २०१७ मध्ये त्यांनी इंटरनेटवर लोकवर्गणी मागितली. त्या पद्धतीत एक अट असते. ठरवलेली रक्कम पूर्ण जमली तरच पैसे मिळतात, नाहीतर एक रुपयाही हाती येत नाही. त्यांची रक्कम जमली नाही. पुढे काम चालू राहावे म्हणून अविचल यांनी स्वतःचे घर विकले. घर विका असे मी कुणालाच सांगणार नाही, गटातल्या बायकांना तर नाहीच! पण पैसे जमले नाहीत म्हणून त्यांनी काम गुंडाळले नाही, एवढे लक्षात ठेवू. २०२० मध्ये अमेरिकेतल्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये नव्या छोट्या कंपन्यांच्या पहिल्या खेळांसाठी जो पुरस्कार असतो, त्याच्या अंतिम यादीत राजीचे नाव होते. पुरस्कार दुसऱ्याला गेला, पण पुण्यातली ही पोर जगाने पाहिली.

आता आपल्या घरात येऊ. एका बैठकीत मी विचारले, "घरातला फोन संध्याकाळी कुणाच्या हातात असतो?" उत्तर आले, मुलाच्या. "आणि मुलगी?" ती भांडी घासते, पाणी भरते, मग अभ्यासाला बसते. एक ताई म्हणाल्या, "मॅडम, मुलीच्या हातात फोन दिला आणि काही वेडेवाकडे झाले तर? मुलाचे काय, तो खेळतो आणि झोपतो." त्यांची नववीतली मुलगी तिथेच दाराशी बसली होती. खाली मान घालून म्हणाली, "आई, शाळेचा अभ्यास पण फोनवरच पाठवतात. दादाचे झाल्यावर मला मिळतो, तेव्हा चार्जिंग संपलेले असते."

त्या ताईंची भीती खोटी नाही. अनोळखी माणसे, फोटो, फसवणूक हे सगळे खरे आहे. पण धोका मुलालाही तेवढाच आहे. मुलीला फोनपासून लांब ठेवले म्हणजे ती सुरक्षित होते असे नाही. ती फक्त अडाणी राहते आणि पुढे कधीतरी एकटीच त्या धोक्यासमोर उभी राहते. त्यापेक्षा आपल्या डोळ्यांसमोर, आपल्याला विचारत शिकली तर बरे नाही का?

म्हणून चार कामाच्या गोष्टी सांगते.

पहिली. खेळाखेळांत फरक करा. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ वेगळे, त्यांनी कितीतरी घरांचे वाटोळे केले. २०२५ साली केंद्र सरकारने अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. मूल गेम खेळते म्हटल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा : यात पैसे लावायचे असतात का?

दुसरी. तुमचा यूपीआय पिन मुलांना सांगू नका. आपल्याला वाचता येत नाही म्हणून मुलाकडून व्यवहार करून घेत असाल तर बटणे त्याला दाबू द्या, पिन मात्र स्वतः टाका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. मुलांवर काही संकट असेल तर १०९८.

तिसरी. पंधरा मिनिटे मुलाशेजारी बसा आणि विचारा, "हा कोण? याला काय येते? हा का लढतोय?" राजीच्या खेळातही मारामारी आहे, त्यामुळे तो अगदी लहान पोरांसाठी नाही. प्रत्येक खेळाचे असे वय असते. ते शेजारी बसल्याशिवाय कळत नाही.

चौथी. घरातल्या फोनची वेळ वाटून द्या. मुलाला जेवढी, मुलीला तेवढी. आणि भांडीही वाटून द्या, मुलीला जेवढी, मुलाला तेवढी.

शेवटी एक. आपल्या पोरी दारात रांगोळी काढतात, कपड्यावर नक्षी भरतात, वहीच्या मागच्या पानावर चित्रे काढतात. आपण म्हणतो, "अभ्यास कर, हे काय पोटाला घालणार आहे?" राजीचा एकेक महाल, एकेक दागिना कुणीतरी असाच बसून काढला आहे आणि ती त्यांची नोकरी आहे. २०२५ पासून मुंबईत या कामाचे शिक्षण देणारी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही संस्थाही सुरू झाली आहे. प्रत्येक मुलगी तिथे जाईल असे नाही. पण असे काम असते, एवढे तरी तिला कळायला हवे.

पुढच्या बैठकीत हिशेब झाल्यावर दहा मिनिटे काढा आणि तीन प्रश्नांवर बोला. आपल्या घरातल्या मुलीला काय छान येते? त्याला आपण कधी 'छान' म्हटले का? आणि घरातला फोन किती वेळ तिच्या हातात असतो? उत्तरे इतिवृत्ताच्या वहीत लिहा. तीन महिन्यांनी तीच वही उघडा आणि बघा काही बदलले का.

राजीला त्रिशूळ मिळाला. आपल्या मुलींच्या हाती काय द्यायचे, ते तुम्ही-मी ठरवायचे आहे.