सल्ला देणाऱ्यांची शाळा



भाताचा सल्ला चुकला तर शेतकऱ्याचें एक वर्ष जातें. झाडाचा सल्ला चुकला तर त्याचीं दहा वर्षें जातात. आणि चूक कळते तेव्हां सल्ला देणारा दुसऱ्या तालुक्यांत बदलून गेलेला असतो. म्हणून शेतांत झाडें लावण्याचा उपदेश करणाऱ्यांना शिकवावें कसें, याविषयीं आज चार शब्द बोलणार आहें.

शेत आणि झाड यांची सांगड कोकणाला नवी नव्हे. ऐन-किंजळ राखून त्यांच्या डहाळ्यांचा राब आपले पूर्वज भाजीत आले, माडापोफळींवर मिरवेल चढवीत आले. रत्नागिरीजवळ भाट्ये येथें १९५५ सालीं निघालेल्या नारळ संशोधन केंद्रानें हाच विचार शास्त्राच्या कसोटीला लावला. साडेसात मीटरांवर लावलेल्या चार माडांच्या मधोमध जायफळ, दोन माडांच्या मध्यें दालचिनी आणि खोडावर मिरी, अशी ती ‘लाखी बाग’. पुढें २०१४ सालीं भारत सरकारनें कृषिवनिकीचें राष्ट्रीय धोरण जाहीर केलें. असें धोरण आंखणारा हा जगांतील पहिला देश. परंतु धोरण दिल्लींत ठरतें आणि झाड जांभ्याच्या खड्ड्यांत लावावें लागतें. या दोहोंमध्यें उभा असतो तो सल्लागार.

माझ्या घरामागें लहानसें आगर आहे. वीसएक वर्षांपूर्वीं एक तरुण सल्लागार आले. बोलणें गोड, कागद नीटनेटके. त्यांच्या सांगण्यावरून मीं जायफळाचीं बारा रोपें लावलीं, उन्हाळ्यांत झांवळ्यांची सावली केली. सातव्या वर्षीं फुलें आलीं, आणि सात झाडें नर निघालीं! जायफळांत नर व मादी झाडें निराळीं असतात. बियांपासून केलेल्या रोपाचें लिंग फुलल्यावांचून कळत नाहीं. मादी झाडाचें कलम लावावें, म्हणजे हा घोटाळा टळतो. एवढें एक वाक्य कोणी सांगितलें नव्हतें. आमच्या कुटुंबानें विचारलें, “त्यांनीं स्वतः कधीं जायफळ लावलें होतें का?” मजपाशीं उत्तर नव्हतें. मी पगारदार मास्तर. मला तें सोसलें. ज्याची चूल बागेवर पेटते त्यानें काय करावें?

त्या तरुणाला मी दोष देत नाहीं. झाडाचे फायदे त्याच्याकडून पाठ करून घेतले होते, झाड दाखविलें नव्हतें. शिक्षक होणाऱ्याला आम्ही आधीं वर्गापुढें सरावपाठ द्यावयास लावतों. मागें बसलेले त्याच्या चुका टिपतात. सल्लागारालाही असा सराव हवा. दापोलीच्या कृषि विद्यापीठाचे पदवीचे विद्यार्थी शेवटच्या वर्षीं खेड्यांत जाऊन शेतकऱ्यांबरोबर काम करतात, ही पद्धत उत्तम आहे. मात्र झाड एका हंगामांत आपला धडा पुरा करीत नाहीं. म्हणून शिकाऊ सल्लागारास दहा वर्षांच्या बागांतून हिंडवावें. साधलेल्या दाखवाव्या, तशाच फसलेल्याही. फसलेली बाग हें त्याचें खरें पाठ्यपुस्तक होय.

दुसरें, त्याला हिशेब व कायदा यावा. “फळ येईतों खावें काय?” या प्रश्नाला केळ, सुरण, हळद अशीं आंतरपिकें दाखवितां आलीं पाहिजेत. साग, खैर, ऐन, किंजळ तोडावयास १९६४ च्या कायद्यानें परवानगी लागते. या धास्तीनें कित्येक शेतकरी झाड लावीतच नाहींत. त्यांना अर्ज कोठें व कसा करावा हें समजावतां यावें.

तिसरें व सर्वांत अवघड, त्याला ऐकतां यावें. रोपांना पाणी बहुधा घरच्या बायका घालतात. त्यांना विचारल्यावांचून दिलेला सल्ला अर्धाच. आणि “मला ठाऊक नाहीं, विचारून सांगतों,” हें म्हणण्याचें धैर्य त्याच्या अंगीं यावें.

एक नर राखून बाकीचे सहा मीं काढले व तेथें कलमें लावलीं. तीं सुचविणारे गृहस्थ प्रथम आले तेव्हां बराच वेळ कांहींच बोलले नाहींत. आगर फिरले, मे महिन्यांत विहिरीचें पाणी कोठवर उतरतें तें आमच्या घरांत विचारलें, आणि मग बोलले. तीं कलमें आज फळतात.